आधी पाऊल दाखवा

आमचे डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. दार ढकलून कुणी आत आलं की त्यांची नजर खाली. आधी चपला, मग घोटे, मग गुडघे, असं करत ते वर चढत आणि चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मं निदान झालेलं असे. नवख्या माणसाला वाटे, डॉक्टर लाजाळू आहेत किंवा माजोरी तरी. ते दोन्ही नव्हते. समोरचा बोलायला लागला की हात वर करून म्हणत, "आधी पाऊल दाखवा. गाऱ्हाणं मग."

मी जुन्नरला त्यांच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मूळची मी पिंपरी पेंढारची. नर्सिंग पुरं करून घरी आले होते, लग्न ठरायचं होतं, आणि एसटीनं जाऊन-येऊन करता येईल अशी नोकरी मिळाली म्हणून घरचे खूश होते. डॉक्टर हाडांचे, त्यातही लहान मुलांच्या पायांचे. पुण्यातलं मोठं इस्पितळ सोडून ते इकडे का आले हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणत, "इथे लोक अजून पायी चालतात." लग्न केलेलं नव्हतं. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहत, स्वतःचं स्वतः शिजवत, आणि जेवताना कुणी आलं तर ताट झाकून बाहेर येत.

बुधवार लहान मुलांचा. त्या दिवशी टेबल भिंतीला सरकवायचं आणि जमिनीवर सतरंजी अंथरायची. डॉक्टर स्वतःचे बूट-मोजे काढून पोरासमोर मांडी घालून बसत. हात लावायच्या आधी चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून हात गरम करत. तो चहा बहुतेक वेळा तसाच गार होऊन जाई. "गार हात लागला की पोर पाय आखडतं," ते मला म्हणाले होते, "आणि आखडलेल्या पायावरून काही कळत नाही." मग ते आपलंच पाऊल पुढे करत. त्यांची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. पोरं ती ओढून बघत, हसत. तेवढ्यात डॉक्टरांचे अंगठे पोराच्या टाचेवरून, घोट्याखालच्या बारीक हाडांवरून फिरून आलेले असत.

त्यांना राग यायचा तो दोनच गोष्टींचा. एक ग्रहणाचा. पोर वाकड्या पावलाचं जन्मलं की घरातली म्हातारी हमखास सांगे, "हिनं गिराणात भाजी चिरली." सून मान खाली घालून बसलेली. एकदा आंबेगावच्या बाजूच्या एका आजीला डॉक्टरांनी विचारलं, "आजी, ग्रहण तुमच्या एकट्या घरावर लागलं होतं का?"

"न्हाई बा. समद्यांवरच लागतं की."

"मग त्या दिवशी तुमच्या गावात कुणाच्याच घरी भाजी झाली नाही?"

डॉक्टर सुनेकडे वळून हळू म्हणाले, "बाई, तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. पोटातच पाऊल असं वळतं. का वळतं ते मलाही सांगता येत नाही." ती बाई रडायला लागली. हे वाक्य मी पुढे कितीतरी बायांना सांगितलं, आणि बहुतेक जणी तशाच रडल्या.

दुसरा राग 'लंगडा' या शब्दाचा. एका बापाने पोरीसमोरच "लंगडी पोर कोण पदरात घेणार" असं म्हटलं, तर डॉक्टर उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. आत दहा माणसं खोळंबलेली. मी बोलवायला गेले, तर म्हणाले, "त्यांना सांगा, पोरीला नाव आहे. ते घेऊन बोलायला तयार झाले की हाक मारा."

माझ्या लग्नाला ते आले होते. मांडवात सगळे अक्षता टाकत होते आणि डॉक्टर दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उकिडवे बसून एकेक जोड उलटा करून बघत होते. आमच्या चुलत्यांना ते कोण हे माहीत नव्हतं. ते ओरडले, "ओ पावणं! चपला चोरताय का काय राव?" मांडवात हशा पिकला. डॉक्टरांनी लहानशा सॅण्डलची जोडी वर धरली. तिचा उजव्या पायाचा पुढचा भाग पार झिजला होता, टाच मात्र नव्यासारखी. डाव्या पायाची टाच नीट घासलेली. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं. ती निघाली नवऱ्याकडच्या एका पाहुण्यांच्या तीन वर्षांच्या मुलीची. तिथेच, वाजंत्री चालू असताना, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, दोन्ही गुडघे दुमडून उंची ताडून पाहिली. उजवा खुबा जन्मापासून सांध्यातून निसटलेला होता, म्हणून पाय आखूड पडत होता आणि पोर त्या पायाच्या चवड्यावर चालत होती. घरच्यांना वाटत होतं, लाडानं मुरडत चालते. पुण्याला नेऊन तिचं ऑपरेशन झालं. आज ती चांगली चालते. माझ्या लग्नाची आठवण निघाली की आमच्याकडची माणसं नवरीचं नाही, त्या सॅण्डलचंच सांगतात.

असल्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. ओतूर, घोडेगाव, पार डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतून माणसं पोरं काखेत मारून यायला लागली. पोलिओनं लुळे पडलेले पाय, मुडदुसाने धनुकलीसारखे वाकलेले पाय आणि सगळ्यात जास्त आत वळलेली पावलं. जन्मतःच तळवा आत आणि वर फिरलेला, पोर उभं राहिलं तर पावलाच्या बाहेरच्या कडेवर उभं राहणार. डॉक्टर आधी प्लास्टर घालून बघत, आणि तेवढ्याने भागलं नाही की ऑपरेशन करत. टाचेच्या आतल्या अंगाने मागेपर्यंत चीर घ्यायची, आखडलेल्या शिरा सैल करायच्या, सांधे उघडून पाऊल सरळ बसवायचं. हात इतका सुरेख की पुण्याचे डॉक्टर बघायला येत. टाके निघाले की सरळ पाऊल बघून आया त्यांच्या पाया पडत. ते पाय मागे घेत. 'देवमाणूस' कुणी म्हटलं की त्यांचं तोंड कडू होई.

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी ते हाडांच्या डॉक्टरांच्या एका बैठकीला पुण्याला गेले. साठीला आलेले होते तेव्हा. परत आल्यावर दोन दिवस कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी मी गॉझच्या घड्या घालत होते, तेव्हा शेजारी येऊन उभे राहिले.

"सिस्टर, परदेशात एक म्हातारे डॉक्टर आहेत. ते वाकड्या पावलाची चिरफाड करतच नाहीत. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं वळवायचं आणि प्लास्टर घालायचं. कुठे दाबायचं, कुठे अजिबात दाबायचं नाही, हे नेमकं कळलं पाहिजे. शेवटी टाचेमागच्या शिरेला एक बारीक छेद. झालं."

"पण आपण पण प्लास्टर घालतोच की, सर."

"चुकीच्या जागी दाबून. म्हणून ते पुरत नव्हतं." त्यांनी गॉझची एक घडी उचलून परत ठेवली. "बैठकीत फिल्मवर मोठी झालेली माणसं दाखवली. प्लास्टरवाली पळतात. आपल्यासारखी ऑपरेशन केलेली जसजशी मोठी होतात, तसतसे त्यांचे घोटे कडक होतात. दुखतात."

मी म्हटलं, "तेव्हा सगळेच तसं करत होते, सर."

"हो. सगळेच करत होते," ते म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले.

त्यानंतर त्यांनी वाकड्या पावलाचं मोठं ऑपरेशन जवळजवळ बंद केलं आणि नव्याने शिकायला बसले. सुताराकडून पावलाची लाकडी हाडं करून घेतली, ती रबराने जोडली, आणि जेवण झालं की ती वळवत बसायचे. पहिलं पोर खोडदचं. महिन्या-दीड महिन्यात पाऊल असं फिरलं की मला खरं वाटेना. पण पुढचं काम अवघड होतं. पाऊल पुन्हा वळू नये म्हणून दोन बुटांमध्ये लोखंडी दांडी बसवलेली असते, ते बूट पोराला झोपताना कितीतरी महिने, वर्षं घालावे लागतात. खोडदच्या पोराची आई तिसऱ्याच आठवड्यात आली. "लई रडतंय वो. मला न्हाई बघवत. काढून ठेवलं मी."

मला वाटलं, आता डॉक्टर भडकणार. त्यांनी मात्र नारायणगावच्या वेल्डिंगवाल्याकडे जाऊन स्वतःच्या बुटांना तशीच दांडी बसवून आणली आणि पुढच्या बुधवारी सबंध ओपीडी ती घालून केली. उठायचं तर दोन्ही पाय एकदम उचलून, खुर्चीला धरून. लोक हसत होते, ते हसत नव्हते. ती आई आली तेव्हा म्हणाले, "बाई, मी आठ दिवस हे घालून झोपतोय. पहिले तीन दिवस फार जड गेले. चौथ्या दिवशी सवय झाली. दुखत नाही. बांधल्यासारखं वाटतं, म्हणून पोर रडतं. रडू द्या, उचलून घ्या, पण काढू नका." त्या बाईनं पुन्हा बूट काढले नाहीत.

एवढ्यावर दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. डॉक्टरांचं झालं नाही. त्यांनी आधी ऑपरेशन केलेली पोरं शोधायला सुरुवात केली. नावं त्यांच्या लक्षात नसत, पावलं असत. "ओतूरजवळची ती, डाव्या अंगठ्यावर तीळ होता," असं सांगत, आणि मग मी विचार करून गाव काढायचं. रविवारी भाड्याची जीप घेऊन निघायचो. मला बरोबर घेत, कारण बाया माझ्याशी बोलत. काही घरं मुंबईला गेलेली असत. काही पोरं खरंच छान चालत होती, ती बघून डॉक्टर मनापासून हसत. काहींचे घोटे मात्र लाकडासारखे झाले होते. त्या प्रत्येक घरी डॉक्टर सांगत, "मी केलं त्याच्यापेक्षा चांगला इलाज निघालाय. तुमच्या पोराला तो मिळाला नाही." लोक म्हणत, "असू द्या वो, चालतंय की." चहा ठेवत. कुणी चिडत नसे. परत येताना डॉक्टर जीपमध्ये खिडकीबाहेर बघत बसत.

मग आम्ही ओतूरच्या पुढच्या मढला गेलो.

घर मढच्या वर, चढावर. भातं निसवलेली, लोंब्या बाहेर आलेल्या, बांधावरून जपून पाय टाकायचा. सविता दोन वर्षांची असताना तिचं उजवं पाऊल डॉक्टरांनी सरळ केलं होतं. आता ती बारा-तेरा वर्षांची असेल. बापाने लांबूनच ओळखलं. धावत येऊन भर वाटेत डॉक्टरांचे पाय धरले.

"डॉक्टरसायेब! आमच्या दारात! आगं ए, पाणी आन. सविते, बाहेर ये, कोन आलंय बग!"

पोरगी बाहेर आली. अनवाणी. डॉक्टर तिची चाल बघत होते, मीही बघत होते. उजवा घोटा वाकतच नव्हता. ती कमरेतून झोका देऊन अख्खा पाय पुढे टाकत होती.

"बगा, कसा सरळ हाय," बाप म्हणाला. "पाव्हण्यारावळ्यांना दावतो मी."

"शाळेत जाते का?" डॉक्टरांनी विचारलं.

आई पाणी घेऊन आली होती, तिनेच उत्तर दिलं. "सोडली. म्हनती, लांब पडतं. कामाला लावावं तर भाताच्या लावणीला अर्ध्या दिसात बांधावर जाऊन बसती. लई आळशी झालीया. धाकटी हिच्यापरीस कामाची."

"उकिडवी बसून दाखव बाळ," डॉक्टर म्हणाले. सविताने बसायचा प्रयत्न केला. टाच टेकेना, तोल मागे गेला, तिने हात टेकला. "सोंग करू नगं," आई पुटपुटली.

डॉक्टर अंगणात खाली बसले. तिचं पाऊल मांडीवर घेतलं. घोट्याच्या पुढे एका जागी अंगठा ठेवला. "इथे दुखतं?"

सविताने बापाकडे पाहिलं. "न्हाई."

डॉक्टरांनी अंगठा थोडा दाबला. तिने ओठ दाताखाली धरला, डोळे भरले, पण पाय ओढून घेतला नाही.

"आता कशाला दुखंल?" बाप हसत म्हणाला. "तुमीच तर बरा केलाय."

डॉक्टर त्याच्याकडे वर बघून म्हणाले, "तिचा पाय दुखतो. रोज दुखत असणार. ती सोंग करत नाही, आळशीही नाही. हा सांधा आता वाकत नाही, म्हणून तिला बसता येत नाही, चिखलात उभं राहवत नाही, शाळेपर्यंत चालवत नाही. आणि हे दुखणं माझ्या ऑपरेशनमुळे आहे."

बापाने हात जोडले. मग म्हणाला, "असं बोलू नका सायेब. आमी तुमच्या नावानं दिवा लावतो."

"नका लावू."

"मंग तवा का न्हाई सांगितलं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"म्हाईत नव्हतं?" त्याचा आवाज चढला. "म्हाईत नव्हतं तर कापलं कशाला माझ्या पोरीला?"

मी मध्ये पडणार होते. कापलं नसतं तर पाऊल वाकडंच राहिलं असतं, हे तोंडावर आलं होतं. डॉक्टरांनी हातानेच मला थांबवलं. "तुमचं विचारणं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला तेवढंच येत होतं." बाप गोठ्याच्या बाजूला निघून गेला, तो परत आलाच नाही.

सविता अजून तशीच बसली होती, पाय डॉक्टरांच्या मांडीवर. आईकडे बघून ती हळू म्हणाली, "आई, मी म्हनत व्हते ना तुला."

आईच्या हातात तांब्या होता. तो तिने खाली ठेवला, पोरीजवळ बसली, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आम्ही निघालो तरी ती तिथेच बसलेली होती.

जीपमध्ये डॉक्टर म्हणाले, "तो चिडला ते बरं झालं."

सविताचं पुढे सगळं छान झालं, असं म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी तिच्यासाठी खालून गोलाई दिलेला बूट करून घेतला, त्याने चालणं सोपं झालं. शाळेजवळ राहायची सोय झाली, ती पुन्हा शिकायला लागली. वाढ पुरी झाल्यावर पुण्याला ऑपरेशन करून तो सांधा कायमचा जोडून टाकला. पाऊल काही वाकत नाही, दुखणं मात्र पुष्कळ कमी झालं. लावणीला ती पुन्हा कधी गेली नाही, आणि घरात तिला कुणी जा म्हटलंही नाही.

डॉक्टरही आता नाहीत. शेवटपर्यंत बुधवार चुकवला नाही; हात थरथरायला लागले तेव्हा प्लास्टर घालायचं मात्र स्वतःच थांबवलं. प्लास्टर घालायला एक तरुण डॉक्टर येऊ लागले होते. आमचे डॉक्टर त्यांच्या मागे उभे राहून नुसते बघत. थोड्याच महिन्यांत गेले. लोक त्यांच्याबद्दल खूप काही सांगतात. चपलांचं, दांडीच्या बुटांचं. मी वेगळंच सांगते.

मढहून आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, बुधवारी, गर्दी ओसरत आली असताना सविताचा बाप दारात उभा राहिला. बरोबर सविता. तो डॉक्टरांच्या पाया पडला नाही. रामराम केला नाही. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "हिचा पाय दुखतोय. लई दुखतोय. बगा."

डॉक्टर सतरंजीवरून उठून उभे राहिले. "या," ते त्याला म्हणाले. "तुम्ही इथे माझ्या शेजारी बसा. मी काय करतो ते बघत राहा. नाही पटलं तर तिथंच थांबवा मला."

बाप क्षणभर घुटमळला, मग त्यांच्या शेजारी बसला. डॉक्टरांनी सविताला विचारलं, "कुठे दुखतं?"

या वेळी तिने बापाकडे पाहिलं नाही. पाय पुढे केला आणि दुखत होतं तिथे स्वतःच बोट ठेवलं.